दात लागलेली कवडी

हे मास्तरांनाही कधी कळलं नाही. मास्तर म्हणजे माझे यजमान. एका घरात सारा जन्म काढला, तरी एवढी एक गोष्ट मी त्यांच्यापासून लांब ठेवली. सांगायला तोंड उघडायची आणि ‘चहा टाकू का?’ म्हणून मिटायची. आता मास्तर नाहीत. ज्या दोघींना खरं तर सांगायला हवं होतं त्याही नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते आहे. माझी समजूत मात्र घालू नका.

आधी माझ्या हौसेबद्दल सांगते — तेवढाच मुद्द्याला उशीर. मला ओवायची हौस. शंख, शिंपले, कवड्या, जुने काचमणी, फाटक्या सदऱ्यांची शिंपल्याची बटणं, काही म्हणून मी टाकून देत नसे. बुऱ्हाणपूरला समुद्र कुठला? पण द्वारकेला जाऊन आलेलं माणूस प्रसादाबरोबर मूठभर शिंपले आणायचं, आणि त्यांच्या घरातून ते माझ्याकडे यायचे. त्या सुमारास संस्थानं विलीन झाली होती. त्यांचे तांब्याचे पैसे बाजारात कोणी घेईना, तेव्हा तेही माझ्या डब्यात येऊन पडले. गावात जरीचं काम. उरलीसुरली कलाबतू कोणाकडूनही मिळे. या सगळ्याचे मी गळ्यातले हार करायची, कानातली करायची, बैलांच्या कपाळाला गोंडे करायची. बुऱ्हाणपूरच्या लालबागेत आमचं घर स्टेशनाजवळ होतं. येणारा-जाणारा ओसरीवर थांबून म्हणायचा, मास्तरीणबाईंच्या हातात कला आहे. कोणी म्हटलं की मला ते पुरत नसे, दुसऱ्यानेही म्हणावं असं वाटे. ही माझी पहिली खोड. बाकीचं त्यातूनच झालं.

पारूमावशी जवळच्याच बहादरपूर गावची. विधवा बाई, केळीचं शेत, पुतण्या ते कसायचा. सणावाराला केळीची पानं घेऊन ती आमच्याकडे यायची आणि पैसे दिले की रागवायची. माझी आई माझ्या लहानपणीच गेली होती. माझ्या पहिल्या बाळंतपणात अंगाला तेल लावायला हीच येऊन राहिली होती. तिच्या गळ्यात देवीची कवड्यांची माळ असे. ही माळ विकत घेत नाहीत आणि कोणी मागून मिळत नाही. जिच्या गळ्यात आहे, तिनं जिवंतपणी आपल्या हातानं दुसरीच्या गळ्यात घालायची. मावशीच्या गळ्यात तिच्या सासूनं घातली होती, सासूच्या गळ्यात तिच्या सासूनं. त्या कवड्या तुम्ही पाहायला हव्या होत्या. कवडीमोल म्हणतात ना? म्हणणाऱ्यांनी जुनी कवडी कधी हातात घेतलेली नसते. तीन बायकांच्या अंगाचं तेल आणि घाम पिऊन त्या साजूक तुपासारख्या पिवळ्या झाल्या होत्या. बाजारची कवडी त्यांच्यापुढे खडूसारखी कोरडी दिसायची.

मावशीला एकच लेक, गोदी. गोदीनं आपल्या मनानं लग्न केलं होतं, भुसावळला रेल्वेत असलेल्या परजातीच्या माणसाशी. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं नव्हतं. गोदीचं नाव निघालं की मावशी उठून पाणी प्यायला जायची. मग एका उन्हाळ्यात मावशीच्या छातीत कळ आली आणि ती बरी झाली ती वेगळीच होऊन. माझ्याकडे आली, माळ गळ्यातून काढून माझ्या पदरात ठेवली. म्हणाली, “दोरा झिजला बाई. तू ओवून दे. म्या गोदीले बलावलं. तिच्या गळ्यात घालतो आन मोकळी होतो.”

त्या माळेत काय होतं ते मला पुरतं कळत होतं, हे ध्यानात ठेवा. ती नुसती माळ नव्हती. एवढ्या वर्षांचा राग टाकून आई लेकीला घरात घेत होती, आणि ते सांगायला तिच्याकडे त्या माळेशिवाय दुसरी भाषा नव्हती.

माळ ओवणारीनं उपास करून ओवायची अशी रीत. मी उपास नीट पाळला. आणि त्याच उपाशी पोटी चोरी केली.

त्या दिवसांत राज्यांची नवी आखणी झाली होती. नागपूर आमच्यापासून तुटलं, आम्ही भोपाळकडे गेलो. शाळाशाळांतून बदल्यांच्या वावड्या — कोणी म्हणे रीवा, कोणी म्हणे त्याच्याही पलीकडे. शिक्षण खात्यातल्या एका साहेबांच्या बाईंना माझे हार आवडायचे. त्यांना एक हार द्यावा, म्हणजे मास्तरांकडे लक्ष राहील — असं मी मनाशी म्हटलं. पुढेही कितीतरी वर्षं हेच म्हणत राहिले. पण खरं सांगू? बदलीची भीती तोंडी लावण्यापुरती होती. संस्थानी पैसे घासूनपुसून ठेवले होते, कलाबतूचे गोफ वळून ठेवले होते, आणि मध्ये ओवायला साजेशी कवडी मिळत नव्हती. ती आयती माझ्या पदरात येऊन पडली. मला तो हार सुंदर करायचा होता. बस. एवढंच होतं ते.

मी दोरा कापला. जुन्या कवड्या वेगळ्या केल्या, बोहऱ्याच्या दुकानातून आणलेल्या नव्या कवड्या हळदीच्या पाण्यात आणि तेलात घोळवून पिवळ्या केल्या, पाठी दगडावर घासल्या आणि तितक्याच ओवल्या. दिसायला हुबेहूब. जुन्यांत एक कवडी तुटकी होती. कवडीची पाठ घासली की भोकाची कड पातळ होते. तिथलाच टवका उडालेला. हारात ती चालली नसती. तरी नव्या माळेत तीच एक ठेवली असती तर? पण माझा हात नीटनेटका. तुटकं माझ्या हातून ओवलं जात नाही. ती मी बटणांच्या डब्यात टाकली.

गोदी आली. मावशीच्या अंगणात पाच बायका बसल्या, मध्ये देवीची परडी भरून ठेवली. गोदी हिरवं लुगडं नेसून खाली मान घालून आईपुढे बसली होती. मावशीनं माळ दोन्ही हातांत धरली, लेकीच्या डोक्यापर्यंत नेली — आणि थांबली. हात खाली आले. ती माळ मांडीवर घेऊन एकेक कवडी चाचपायला लागली. पुन्हा पहिल्यापासून. मग म्हणाली, “हे माही माळ नाही.”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ओवली कोणी? मीच ना? तेव्हा बोलता आलं असतं. माझा हार अजून घरातच होता, पेटीत. धावत जाऊन आणता आला असता, आणि फार तर काय झालं असतं? माझी छीथू झाली असती. मी म्हणाले, “तीच आहे मावशी. दोरा नवा आहे, म्हणून हाताला वेगळी लागते.”

माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. मावशी माझ्याकडे बघत राहिली. तिनं मला खोटं पाडलं नाही. फक्त मान हलवली आणि माळ परडीत ठेवली. दुसऱ्या कसल्या माळेत लेकीला बांधणं म्हणजे देवीशी खोटं बोलणं, आणि ते तिच्याच्यानं होणारं नव्हतं. बायका कुजबुजल्या, म्हातारीचं मन फिरलं.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून गोदी माझ्याच ओसरीवर येऊन बसली. तिला दुसरं घर कुठलं होतं गावात? मी चहा दिला. ती बशीत ओतून तशीच धरून बसली. म्हणाली, “द्यायची नव्हती तर बलावलं काहून? पाच बायांत असं कराले?”

बटणांचा डबा तिच्या डोक्यावरच्या फळीवर होता. पेटी आतल्या खोलीत. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, “वय झालंय गं तिचं. मनावर घेऊ नकोस.” पाठीवर हातही फिरवला. आणखी एक सांगते, आता लपवून काय करू — तिला रडताना बघून माझ्या आत कुठेतरी बरं वाटलं होतं. मावशी इतकी वर्षं माझी एकटीची आई होती. हे वाटणं क्षणभराचंच होतं, पण होतं. मग गाडीची शिटी झाली आणि ती गेली.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी स्वतःच नव्या मुंबई राज्यात जायचं ठरवल्याचं कळलं. निरोप द्यायला गेले तेव्हा मी हार नेऊन दिला. हो, तेव्हासुद्धा दिला. त्यांच्याकडून आता काही मिळायचं नव्हतं, मास्तरांची बदलीही कधी झाली नाही. पण घरात तो हार मला बघवत नव्हता, आणि बाई “अगं, काय सुंदर” म्हणाल्या तेव्हा तेही मी ऐकून घेतलं. आवडलंही मला ते. नागपूर आता त्याच राज्यात होतं; हार त्यांच्याबरोबर तिकडे गेला.

मावशीनं अंथरूण धरलं. मी रोज जायची. बहादरपूरची माणसं म्हणत, पोटची नाही आली, पण ही बघा. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला खवखवत होतं, तरी ते कौतुक मी गिळलं. एका दुपारी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, “बाई, एक कवडी होती. कडेले तुटलेली. ओवताना तुह्या हाती लागली का?”

मी विचारलं, कशी तुटकी?

तेव्हा तिनं सांगितलं. गोदीच्या वेळी तिला फार जड गेलं होतं. दोन दिवस अडली होती. सुईण म्हणाली, ओरडू नको, देवीला दातात धर. तिनं माळ दातात धरली, आणि गोदी बाहेर आली त्याच वेळी ती कवडी दाताखाली फुटली. “गोदीची कवडी आहे ते,” मावशी म्हणाली. “तिच्यावर रागावली ना म्या, तवा बी बोट तिथंच जाये. तेच एक शोधत होती मी. ते सापडती ना, तर बाकीच्याईले इचारलं बी नसतं.”

माझ्या हातातली फणी तिच्या केसांत होती. कवडी माझ्या डब्यात होती. घर फार लांब नव्हतं. टांगा करून गेले असते तर दिवेलागणीच्या आत परत आले असते, ती तिच्या मुठीत ठेवली असती, भुसावळला तार केली असती. त्या दुपारी सगळं अजून दुरुस्त होण्याजोगं होतं. ती मुद्दाम मला वाट करून देत होती का? इतक्या वर्षांनीही मला ठरवता आलेलं नाही.

मी म्हणाले, “नाही मावशी. अशी कवडी नव्हती.”

ती “बरं” म्हणाली. मी वेणी घालून पुरी केली.

ती गेली तेव्हा गोदी आली नाही. माळ कोणी घेतली नसेल तर नदीत सोडायची असते. मावशीला माया माझी, म्हणून मान मला दिला. तापीच्या पाण्यात गुडघाभर उभं राहून मी ती बोहऱ्याच्या दुकानातल्या कवड्यांची माळ सोडली. काठावरच्यांनी हात जोडले. मीही जोडले.

त्यानंतर मी ओवणं सोडलं. मास्तरांनी कारण विचारलं तर डोळ्यांचं निमित्त सांगितलं. त्याचं पुण्य मागत नाही. सोडलं म्हणून कोणाचं काही परत आलं नाही.

गोदी मला एकदाच भेटली, इच्छापूरच्या जत्रेत. देवीच्या पायऱ्यांवर ती बसली होती, केस पिकलेले, नातवंडं बरोबर. मला ओळखलं. सरकून जागा दिली, नातीला पाया पडायला लावलं. ओटी भरायला रांगेतून ज्या बायका वर जात होत्या त्यांच्या गळ्यांकडे ती बघत होती. मग आपण होऊन म्हणाली, “मायनं मले शेवटपर्यंत माफ नाही केलं, मास्तरीनबाई. पन तुम्ही तिचं लय केलं. तुमचे उपकार हायेत.”

मी तिच्या हातावर हात ठेवला. देवीच्या दारात, पायरीवर बसून, मी ते उपकारही घेतले.

मागच्या पावसाळ्यात गोदी वारल्याचं कळलं. काल बटणांचा डबा काढला. कवडी तळाशी आहे. टवक्याची कड बोटाला अजून लागते.

गोदीच्या आईनं तिला माफ केलं होतं. माळ घालायला तिनं दोन्ही हात उचलले होते, पार लेकीच्या डोक्यापर्यंत. गोदी खाली मान घालून बसली होती, तिला ते दिसलं नाही. मला दिसलं होतं.