परवानगी मागणारा संशयित

ती केस आठवली की मला अजून हसू येतं. तेव्हा मात्र हसायची सोय नव्हती, कारण समोर संशयिताची बायको उभी होती.

हिवाळा होता. अमळनेरजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी. खबऱ्याने टीप दिली, “साहेब, पांढऱ्या कपड्यातला एक इसम रोज सकाळी तुमच्या क्वार्टरवर नजर ठेवतो.” चोरीआधीची टेहळणी असणार, म्हणून उचलून आणला.

“काय बघतोस रे?”

हात जोडून म्हणाला, “साहेब, आंघोय करू का?”

घ्या! चौकशीत कळलं, गडी काही वर्षं सातपुड्याकडच्या एका मठात होता. तिथे जेवण, झोप, आंघोळ, सगळं महाराजांना विचारून. महाराज अटकेत गेले, हा घरी आला. आता विचारायचं कोणाला? भागातला मोठा साहेब म्हणून मला.

“कर बाबा,” म्हणून सोडला, तर दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन हजर! मी वैतागलो. आमच्या हवालदाराला मात्र चेव आला. आज मेथी खा, उद्या कढी खा, असे हुकूम तो रोज सोडू लागला.

शेवटी बायको पिशवी घेऊन ठाण्यात धडकली. “तुम्हना हवालदार मना घरनी भाजी ठरावस? हाऊ मठमाईन सुटना नी ठाणामा अडकना! मी चालनी सोनगीरले, भाऊकडे. आते परत येस नही.” बोलता बोलता तिला रडू फुटलं. भावासाठी घेतलेली भरताची वांगी पिशवीतून डोकावत होती. मठात वांग्याला बंदी होती, हे मला ठाऊक होतं.

मी नवऱ्याला बोलावून समोर उभा केला.

“मिशी काढून टाक.”

“हो साहेब.”

“बायकोला गाडीत बसवून दे.”

“हो साहेब.”

“आणि आजपासून जन्मभर भरीत बंद.”

त्याने पिशवीकडे पाहिलं.

“नही.”

“काय म्हणालास?” मी खात्यातला खास आवाज लावला.

“नही म्हंतस ना! भरीत नही सोडस, नी हाई बी कोठे जास नही. तुमले काय करनं शे?”

हवालदार उठला, त्याला मी डोळ्यांनीच बसवला. गड्याने पिशवी उचलली, “चाल व घर,” म्हणाला आणि मला न विचारता निघाला. बाई पदराने डोळे पुसत मागोमाग.

नोकरीभर मी लोकांकडून ‘हो साहेब’ वदवून घेतलं. माणूस सुटला की नाही हे त्याच्या ‘नाही’वरून कळतं, हे त्या दिवशी शिकलो. एका दिवसात सुटतो असंही नाही. पुढेही तो अधूनमधून क्वार्टरच्या फाटकाशी यायचा, घुटमळायचा, मग स्वतःवरच चिडून परत फिरायचा. मी खिडकीतून बघत असे, पण बाहेर जात नसे.