कावीळ झाली होती का?

"रक्त पैलवानाचंच पायजे," बापूनं काउंटरवर हात आपटला. "वयनी लई अशक्त हाय. कारकुनाचं रक्त घालून काय व्हणार?"

बापूची वहिनी सुशीला, कोडोलीची. गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलेलं आणि अंगात रक्त नाही. मी तेव्हा, सत्तरच्या दशकात, कोल्हापूरच्या एका रक्तपेढीत टेक्निशियन होते. तिच्या गटाचे दोन डोनर मिळाले होते. एक तिचा मामेभाऊ, कचेरीत कारकून, फुंकर मारली तर उडेल असा. दुसरा तानाजी पैलवान. त्याच्याबरोबर त्याचे वस्ताद आणि निम्मी तालीम आलेली.

डोनरला काही प्रश्न विचारायचे असतात. त्यातला एक काविळीचा. कावीळ बरी होते, पण काहींच्या रक्तात तिचा विषाणू राहून जातो. ते रक्त ज्याला चढवाल त्याला कावीळ. विषाणू पकडायची टेस्ट आमच्याकडे नव्हती. विचारणं हीच टेस्ट.

मी फॉर्म पुढे ओढला आणि सगळ्यांसमोर खणखणीत विचारलं, "कावीळ झाली होती का?"

वस्तादच हसले. "ह्याला? अवो ताई, रोज हजार जोर मारतोय. कावीळच पळून जाईल की!"

"त्यांना बोलू द्या," मी म्हटलं.

तानाजी खाली बघत म्हणाला, "न्हाय."

मी 'नाही' लिहिलं. कारकुनाला मात्र खोदून खोदून विचारलं, कारण तो फिकट दिसत होता. शेवटी रक्त न घेताच, चहा पाजून त्याला परत पाठवलं आणि तानाजीचं रक्त घेतलं. काय ती माझी अक्कल!

ऑपरेशन झकास झालं. बापूनं पेढे वाटले. वॉर्डात तानाजीचा नारळ देऊन सत्कार झाला आणि टाळ्या वाजवण्यात मीही होते.

अडीच महिन्यांनी सुशीला पुन्हा दाखल झाली. डोळे हळदीसारखे. आठ दिवस ती धड शुद्धीवर नव्हती. तिला बघायला तानाजी आला आणि मला बाजूला घेऊन मायेनं म्हणाला, "ताई, पन्हाळ्याच्या वाटंवर एक वैदू हाय. लई हातगुण. गेल्या साली माझी कावीळ त्यानंच उतरवली."

मी त्याला जिन्याकडे ओढलं. "अरे, मग त्या दिवशी का नाही बोललास?"

"वस्तादांसमोर? वरीसभर आखाड्यात पाय ठेवू दिला नसता." मग त्याचा चेहरा पडला. "म्हंजे... ही माझ्यामुळं?"

एवढा धिप्पाड माणूस, जिन्यावर बसून रडला. मला त्याचा राग आला होता. त्याहून जास्त स्वतःचा.

मी आमच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी फॉर्म मागवला, वाचला आणि हुश्श केलं. "'नाही' असंच लिहिलंय ना? मग आपण सेफ."

"आपण आहोत, सर. सुशीला नाही."

सुशीला वाचली, पण दोन महिने अंथरुणाला खिळून. घरी जाताना माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुमी रगात दिलं म्हणून जगले बगा." खरं सांगायचं धाडस मला झालं नाही.

तेव्हापासून मी डोनरला एकटं आत घेऊन, दार लावून विचारू लागले. आत एकेकाला जुनी कावीळ पटकन आठवायची आणि तो डोनर बाद व्हायचा. पहिल्याच महिन्यात डॉक्टर वैतागले.

"बाई, हे तुमचं दार उघडं ठेवा जरा. रक्त कमी पडायला लागलंय."