बाईंची चार नावं

सकाळी मी पडदे सरकवले की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला. "मंगल, आज मी कोण?" मग मी त्यांच्या चार नावांपैकी एक घ्यायचे आणि दिवसभर त्या त्याच नावाच्या तोऱ्यात वावरायच्या. सहा वर्षं मी त्यांची केअरर होते, लंडनच्या क्रॉयडन उपनगरातून रोज ट्रेनने जायचे. मनातल्या मनात मी त्यांना नुसतं 'बाई'च म्हणायचे.

चारही नावं खरी होती. जन्मल्या तेव्हा मिस सिसिली. निपुत्रिक काका वारले, त्यांची सरदारकी येऊन वडील अर्ल झाले आणि नऊ वर्षांच्या पोरीला घरची स्वयंपाकीण 'लेडी सिसिली' म्हणू लागली. "त्या दिवसापासून मला पुडिंग दुसऱ्यांदा मागता येईना," त्या सांगायच्या. लग्न लॉर्ड थॉर्नमियरशी झालं, म्हणून लेडी थॉर्नमियर. लेडी राहिली, सिसिली गेली. नवरा वारल्यावर ते नाव सुनेला मिळालं आणि यांच्यामागे 'डॉवेजर' लागलं. "म्हणजे कपाटात घडी करून ठेवलेली सासू," हा त्यांनी केलेला अर्थ.

एकदा मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. मी माहेरची मंगल. पाटावरून उठले ती वसुधा होऊन.

"तुला विचारलं होतं?"

"नाही."

"मलाही नाही." तेव्हापासून त्या मला मंगल म्हणू लागल्या. माझी आई गेल्यावर त्या नावाने हाक मारणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात बाई बाथरूममध्ये पडल्या. "हॉस्पिटलला फोन करू नकोस. एकदा नेलं की परत घरी सोडणार नाहीत," असं बजावत होत्या. तरी मी अँब्युलन्स बोलावली. हाडं शाबूत निघाली, पण डोकं ठिकाणावर आहे का तेही बघणार होते. बाईंच्या मुलाने केअर होम आधीच बघून ठेवलं होतं; डॉक्टरांच्या शेऱ्याचाच काय तो अवकाश.

तरुण डॉक्टरबाईंनी नाव विचारलं.

"मिस सिसिली."

कागदावर तर डॉवेजर. पुन्हा विचारलं, तर "लेडी सिसिली!" डॉक्टर काहीतरी लिहू लागल्या. मला राहवेना. मी चारही नावं बोटांवर मोजून दाखवली, आमची सकाळची थट्टाही सांगितली. डॉक्टर हसल्या, लिहिलेलं खोडलं. मग तारीख विचारली.

"ते माझ्या सेक्रेटरीला विचारा," बाई रुबाबात म्हणाल्या. डॉक्टर आणखी हसल्या. तो सेक्रेटरी केव्हाच वारला होता, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसले.

घरी सोडलं. मुलाचा फोन आला, तेव्हा यापुढे मी तिथेच राहीन, असं कबूल करून बसले. टॅक्सीत बाई खुशीत होत्या आणि मला जिना दिसत होता, गॅस दिसत होता. आपण यांचं भलं केलं की घात, काही कळेना. मी त्यांच्या मांडीवर शाल घातली. त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं.

"किती चांगली आहेस तू. नाव काय गं तुझं?"

मी म्हणाले, "मंगल."

"छान आहे." त्यांनी माझा हात थोपटला. "कुणाला बदलू देऊ नकोस हं."