दुसरं दार

दोनदारे हे काही त्याचं आडनाव नव्हे. त्याच्या बसला दोन दारं, म्हणून लोकांनी चिकटवलेलं. अलीकडच्या देशात गाड्या डावीकडून चालतात, पलीकडच्या देशात उजवीकडून. त्यामुळे सरहद्दीचा नाका ओलांडला की बसचं तेव्हाचं एकुलतं एक, डावीकडचं दार थेट भर रहदारीत उघडायचं. पलीकडून येऊन इकडे स्थायिक झालेली दोन-तीनशे घरं, पण माहेर तिकडे, आजारी म्हातारी माणसं तिकडे. दर शनिवारी ही मंडळी जीव मुठीत धरून उतरायची. अकरा वर्षांपूर्वी दोनदारेची आईच तशी उतरताना ट्रकखाली गेली. महिन्याच्या आत त्याने उजवीकडचा पत्रा कापून दुसरं दार बसवलं.

झालं, कटकट सुरू! इकडचा साहेब म्हणे, "उजवं दार बेकायदा." तिकडचा म्हणे, "डावं बेकायदा."

"अहो, मग माणसं काय खिडकीतून फेकू?"

"अर्ज करा."

अकरा वर्षं अर्ज! हेलपाटे घालून पायाचे तुकडे पडले, पण कागद काही हलेना.

आणि यंदा दोन्ही सरकारांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी मिळून नाक्यावर त्याचा सत्कारच ठेवला. पाहुणे तासभर बोलले. म्हणे, परमुलखात राहणाऱ्या अशा माणसांनीच हा सारा प्रदेश जोडला. दोनदारे हळूच म्हणाला, "साहेब, दाराचं तेवढं..."

"आज नको हो. आज आनंदाचा दिवस!"

बस निघाली. पलीकडचा पहिला थांबा आला. त्याची आत्या उठली, तिने उजवं दार ढकललं, पण ते हलेना. दोनदारे खाली उतरून बघतो तर काय, भाषणं चालू असताना शिपायांनी सत्काराची जाडजूड लाकडी पाटी त्याच दारावर ठोकलेली. दार चौकटीलाच जखडेल अशी, आठ स्क्रू मारून! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"राहू दे रे, डावीकडून उतरते मी," आत्या म्हणाली.

"खबरदार तिकडे गेलीस तर!"

आत्या जागीच थांबली. आई गेली ती याच थांब्यावर.

त्याने शिव्या हासडत आठही स्क्रू काढले. दाराखाली उघडं गटार होतं. त्यावर त्याने पाटी आडवी टाकली.

"अरे, सरकारी पाटी ती! तिच्यावर पाय कसा देऊ?"

"दे गं. अकरा वर्षांत त्यांनी दिलेली ही पहिली कामाची वस्तू."

आत्या त्याचा हात धरून उतरली. तेवढ्यात डाव्या अंगाने एक ट्रक भरधाव निघून गेला. बराच वेळ आत्याने हात सोडला नाही, आणि त्यानेही सोडवला नाही.