नजर ठरेपर्यंत

सगुणाबाई साळवे यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, हे गौरवग्रंथात छापणे संपादकांना कदाचित रुचणार नाही. पण खरे तेच आहे. युद्धाचे दिवस होते. नगरच्या आमच्या लहानशा इस्पितळात मी नवा डॉक्टर म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच सकाळी वॉर्डातली फेरी पंधरा मिनिटांत उरकली. मुख्य परिचारिका असलेल्या बाई मागून येत होत्या. शेवटच्या खाटेपाशी त्यांनी शांतपणे विचारले, "आता रोगी बघायला कधी येताय?" मी संतापलो. माझ्या पायाला भिंगरी, त्यात जिभेवर ताबा नाही.

बाईंनी ते मनावर घेतले नाही. मी सारखा घड्याळ बघतो हे त्यांच्या ध्यानात आले होते. एके दिवशी नाडी मोजायची म्हणून त्यांनी माझे घड्याळ मागून घेतले आणि थेट संध्याकाळी परत केले. त्या दिवशी वॉर्डातल्या अकरा रोग्यांची गावे मला पहिल्यांदाच कळली.

पण बाईंचे माझ्यावरचे खरे ऋण आहे ते बाबूभाईंच्या बाबतीतले. बाबूभाई घोडेगावच्या बाजारातले बैलांचे दलाल. एका शुक्रवारी भर बाजारात ते चक्कर येऊन पडले. ओकाऱ्या थांबेनात, उभे केले तर झोकांड्या जात. लोकांनी लॉरीत घालून दुपारी आमच्याकडे आणले. अंगाला ब्रँडीचा वास येत होता. थोरला भाऊ हात जोडून सांगत होता, "साहेब, ह्यो पीत न्हाई. हुशारी यावी म्हनून लोकांनीच तोंडात वतली." मी पुरते ऐकूनही घेतले नाही. बरोबरच्या दहा जणांसमोर म्हणालो की याला चढली आहे, उतरली की संध्याकाळी घरी न्या. केसपेपरवर 'नशा' असे लिहूनही टाकले. लॉरी परत गेली आणि तिच्याबरोबर माझा शब्द बाजारात पोचला.

संध्याकाळी भाऊ टांगा घेऊन आला, तर बाई दारात उभ्या. त्यांनी टांगा परत पाठवला, मला बोलावून घेतले आणि खाटेशेजारच्या स्टुलावर बसवले. डोळे बघा म्हणाल्या. बाबूभाईंचे डोळे हिसके खात होते. दारुड्याचेही डोळे असेच हलतात, मी उठत म्हणालो.

"हलतात. पण बसा. त्यांना उजवीकडे बघायला सांगा."

उजवीकडे नजर ठरेचना. डोळे मागे घसरत आणि पुन्हा मोठा झटका घेऊन उजवीकडे जात. डावीकडे बघताना झटके बारीक होते. मग बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. डावा हात सरळ पेल्याला भिडला. उजवा पेल्याच्या पलीकडे गेला आणि हवेत चाचपडत राहिला.

बाई म्हणाल्या, "डॉक्टर, दारू एकाच हाताला चढत नाही."

लहान मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. तिथे सूज वाढली असती तर टांग्यातच श्वास थांबला असता. त्यावर खात्रीचे औषध आमच्यापाशी नव्हते; पाळत ठेवणे एवढेच हाती होते. तीन दिवस बाईंनी ती ठेवली आणि मी येरझाऱ्या घातल्या. बाबूभाई वाचले.

मला वाटले, सुटलो. पण घरी गेल्यावर त्यांना कोणी सौद्याला बोलावेना. उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरतो; पिणाऱ्याच्या हातात हात कोण देणार? हे कानावर आले तेव्हा बाई एवढेच म्हणाल्या, "शब्द तुम्ही टाकलात, उचलायलाही तुम्हीच जायचं."

पुढच्या शुक्रवारी बाई रजा काढून माझ्याबरोबर आल्या. बैलगाडीवर उभा राहून मी भर बाजाराला सांगितले की हा माणूस प्यायलेला नव्हता, आजार मेंदूचा होता, चूक माझी होती. मला तिथून पळावेसे वाटत होते. इतक्यात एक म्हातारा शेतकरी पुढे आला, त्याने हातावर उपरणे टाकले आणि म्हणाला, "बाबूभाई, जोडी माझी हाय. गिऱ्हाईक तुमी बगा." बाबूभाईंनी सवयीने उजवा हात पुढे केला. तो चुकून बाजूला गेला, पुन्हा चुकला. हात सापडेपर्यंत म्हातारा तसाच थांबून राहिला. मी बाईंकडे वळलो, तर त्या पदराने डोळे पुसत होत्या.

आता बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या निवृत्त होत आहेत. त्यांना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो, असे मी मागतो, पण त्यात माझा स्वार्थ आहे. परवाच एका रोग्याचे नीट ऐकण्याआधी मी लेखणी उचलली आणि बाईंनी न बोलता स्टूल पुढे सरकवले. बाई, खूप जगा. मला अजून नीट बसता येत नाही.