तलासरीतला स्विच आणि आम्ही दोघं

नेटवर्किंगवाल्याकडे किस्से मागावे लागत नाहीत. वायर एकीकडे लावावी आणि बोंब दुसरीकडे उठावी, असा हा धंदा. माझ्या आणि जिग्नेशच्या डहाणूतल्या छोट्याशा दुकानात असे बरेच साठलेत. त्यातले निम्मे एकट्या तलासरीतल्या एका दवाखान्याने दिले. साल २०१७ असावं.

तिथे एक्स-रेचा फोटो कॉम्प्युटरवरून डॉक्टरबाईंच्या टेबलावर यायचा. म्हणजे यायला हवा होता. एक्स-रे, ऑफिस आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांचे मोबाइल, सगळे एकाच नेटवर्कवर. फोटो अर्ध्यात अडकायचा आणि मोडका हात धरून पेशंट बाकावर ताटकळायचा. आम्ही नवा स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिथे जोडतात ती पेटी, बसवून तिघांचे तीन व्हीलॅन करणार होतो. पेटी एकच, पण आत रस्ते तीन वेगळे.

बाई म्हणाल्या, "सोमवारी फोटो वेळेवर आला नाही, तर हे डबडं उचलून न्या."

दवाखान्याचं आमचं हे पहिलंच काम. ते फसलं असतं तर तालुक्यात आम्हाला कुणी दारात उभं केलं नसतं. मी ठरवलं, डबडं इथेच राहणार.

* * *

पहिल्या दिवशी जिग्नेश स्विचचा एकेक पोर्ट, म्हणजे वायर खोचायचं भोक, भराभर एक्स-रेच्या व्हीलॅनमध्ये टाकत सुटला. सातवा टाकला आणि स्क्रीन गप्प. त्याचा स्वतःचा लॅपटॉप सातव्यातच होता!

"वैशाली, मला बाहेर कोणी काढला?"

"तूच," मी म्हणाले. स्विच रिसेट केला आणि पहिल्यापासून बसलो.

* * *

दुसऱ्या खेपेला सगळं जमलं. चहा सांगितला. चहा आला आणि लाइट गेली. लाइट आली तेव्हा स्विच कोरा करकरीत.

"सेव्ह केलं होतंस ना?"

"चहा पिऊन करणारच होतो."

तो चहा मी त्याला पिऊ दिला नाही.

* * *

मग आले अकाउंटंट सावेसाहेब. एक्स-रेच्या व्हीलॅनला दहा नंबर, ऑफिसच्या वीस, नातेवाइकांच्या तीस, हे ऐकून त्यांचा चेहरा पडला.

"या दवाखान्यात सगळ्यात जुना मी. आम्हाला एक नंबर द्या."

एक नंबरचा व्हीलॅन स्विचमध्ये आधीपासूनच असतो आणि आम्ही तो मुद्दाम रिकामा ठेवतो, हे मी तीनदा समजावलं. ऐकतील तर शप्पथ! शेवटी जिग्नेशने विसाव्यालाच 'ऑफिस नंबर वन' असं नाव दिलं. साहेबांनी ते स्क्रीनवर डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठे ऑफिसची वायर काढू दिली.

* * *

दवाखान्याच्या जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत एकच वायर गेली होती. बाईंनी मला धरलं. "तिन्ही एकाच वायरीतून जाणार, तर वेगळं काय केलंत?"

जिग्नेश पुढे झाला. "मॅडम, जीपमध्ये उधव्याचे, वेवजीचे सगळे एकत्रच बसतात ने? पण उतरतात आपापल्या गावाला. तसंच."

"त्या जीपमध्ये मी बसलेय," बाई म्हणाल्या. "तशी भरू नका."

* * *

रविवारी फोन आला, सगळं ठप्प. धावत गेलो. शिपाई धर्माकाकांनी शिल्लक वायरी घेऊन स्विचची सगळी रिकामी भोकं बुजवली होती. प्रत्येक वायरीचं एक टोक एका भोकात, दुसरं शेजारच्या भोकात. सगळा डेटा आतल्या आत गरगर फिरत बसलेला.

"उघडं ठेवलं की मुंग्या घर करतात," काका म्हणाले.

मला रडू येत होतं आणि हसूही. वायरी उपटल्या, मोकळे पोर्ट बंद केले आणि काकांच्या हातात चिकटपट्टी दिली. मुंग्यांचं त्यांनी बघावं, बाकीचं मी.

* * *

सोमवार. दुपारी बाईंचा फोन. "नेट बंद पडलंय. ताबडतोब ये." फोन कट.

डहाणू ते तलासरी जिग्नेशने बाइक भरधाव सोडली. डबडं उचलायचं नाही हे पक्कं होतं. तशीच केबिनमध्ये शिरले.

"बाई, हे चालू केल्याशिवाय मी जाणार नाही. किती एक्स-रे अडकलेत?"

"एक्स-रे? ते सकाळपासून पटापट येतायत. ओपीडी कधीच संपली." बाईंनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "मॅच अडकलीये. नातेवाइकांच्या रस्त्यावर नुसती गर्दी. दहाच ओव्हर उरल्यात. मला जरा एक्स-रेच्या रस्त्यावर घे गं."

मी म्हणाले, "नाही."