दोन वासोंचं वर्ष

ब्रह्मदेशाच्या सुट्ट्या खुद्द ब्रह्मदेशाचं सरकारही पाळत नसेल इतक्या निष्ठेनं कोल्हापुरात आमचे सासरे पाळतात. शिवाजी पेठेत त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. ते उघडं कधी असतं हे सांगणं अवघड. बंद कधी असतं ते मात्र दारावरच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं असतं. चार जानेवारीला बंद, कारण रंगूनला स्वातंत्र्यदिन. पंधरा ऑगस्टला बंद, कारण आपलाही असतो, आणि सासरे कुठल्या देशावर अन्याय करत नाहीत. पौर्णिमेला बंद, अमावस्येला बंद, महिन्याच्या दोन्ही अष्टम्यांना बंद. त्यांचे वडील रंगूनला भाताच्या गिरणीत कारकून होते. सासरे तिथंच जन्मले आणि बारा-तेरा वर्षांचे असताना थोरल्या बहिणीचा हात धरून बोटीनं मद्रासला उतरले, तिथून इकडे आले. लोक परदेशातून भांडीकुंडी आणतात, यांनी पंचांग आणलं. एकदा ऐन लग्नसराईत एक बाई मशीन डोक्यावर घेऊन तीनदा परत गेली. चौथ्यांदा दुकान उघडं सापडल्यावर ती कडाडली, "कसला सण म्हणायचा ह्यो मामा? आमच्या क्यालेंडरात तर काय न्हाय!" सासरे मशीनला तेल सोडत म्हणाले, "तुमचं क्यालेंडर ल्हान हाय."

माझी आणि त्यांची पहिली भेट मी मुलगी बघायला गेलो तेव्हाची, एप्रिलच्या मध्यावरची. पेठ वडगावला मी शाळेत मास्तर; तिथून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उंबऱ्याशी पोचलो, आणि चांदीच्या वाटीत जांभळाची डहाळी बुडवून उभ्या असलेल्या या गृहस्थांनी डहाळीनं शिंपडून भागेना म्हणून आख्खी वाटी माझ्या खांद्यावर उपडी केली. ब्रह्मी नवं वर्ष उजाडण्याआधी माणसावर पाणी ओतून त्याची जुनी पापं धुतात म्हणे. त्या दिवसांत पेठेत नळाला दिवसाआड पाणी येत होतं, तरी माझ्या पापांसाठी त्यांनी हात आखडता घेतला नाही. ओल्या शर्टानं मी पाटावर बसलो, तर शिक्षण नाही, पगार नाही, पहिला प्रश्न आला, "पावणं, जन्म कुठल्या वारचा?" बुधवार, म्हटलं. "सकाळचा का दुपारचा?" ब्रह्मदेशात प्रत्येक जन्मवाराला एक जनावर असतं, आणि बुधवारचे तर दोन तुकडे असतात, सकाळी जन्मलेला सुळेवाला हत्ती, दुपारी जन्मलेला बिनसुळ्याचा. आईला फोन लावला. ती म्हणाली, घरात जेवणं आटोपली होती. सासऱ्यांनी माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं की सुळे माझ्याच हलगर्जीपणामुळं गेले असं मला वाटू लागलं. मुलगी शनिवारची, म्हणजे नाग. तरी लग्न झालं. पदरी पडलं पवित्र झालं, असं दोन्ही जनावरं आजवर म्हणत आली आहेत.

वैशाखी पौर्णिमेला त्यांचा कासोन. त्या दिवशी बोधिवृक्षाला पाणी घालायचं, म्हणून बादली घेऊन ते तालमीशेजारच्या पिंपळाला पाणी घालतात. पेठेतल्या बायकांची समजूत अशी की हा बाबा महिनाभर आधी आणि चुकीच्या झाडाला वटपौर्णिमा करतो. एकीनं एकदा सासूबाईंना विचारलंच, "कुणासाठी हो सात जल्म मागत्यात?" सासूबाई म्हणाल्या, "कुणासाठी का मागंनात. माझ्याकडनं ह्यो एकच, म्हणावं."

पण या सगळ्या सणांत एक सण असा की त्याची चेष्टा करायची नाही, असा घरात नियम होता. पावसाळ्यातलं व्रत संपतं ती थडिंजुतची पौर्णिमा. त्या दिवशी धाकट्यांनी थोरल्यांपुढं गुडघे टेकून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची. सासऱ्यांना थोरलं असं एकच माणूस उरलं आहे, बोटीतली ती बहीण, मुरगूडची आक्का. तिनं ऐंशी ओलांडली, ऐकायला येत नाही, फोनवर बोलणं बंद. दरवर्षी त्या पौर्णिमेला सासरे मेणबत्त्या आणि फळं घेऊन मुरगूडला जातात. ती पौर्णिमा सहसा आपल्या कोजागिरीलाच पडते, त्यामुळं चुकायचं कारण नव्हतं.

तरी गेल्या वर्षी चुकली. पूर्वी रंगूनचा एक शाळासोबती दरवर्षी तिकडचं कॅलेंडर पोस्टानं पाठवायचा. काही वर्षांपासून ते येणं थांबलं, सोबत्याचाही पत्ता लागेना. मग सासरे दोनशे पानी वहीत स्वतःच हिशेब मांडू लागले, एका वर्षाला एक पान. आपल्या अधिक महिन्यासारखा त्यांच्याकडं काही वर्षांनी वासो महिना दोनदा येतो. मागच्या दोन वासोंच्या वर्षापासून त्यांनी पानं मोजली. पण त्यांचं वर्ष एप्रिलात बदलतं आणि वहीचं पान त्यांनी एकदा जानेवारीतच उलटलेलं, त्यामुळं एकच वर्ष दोन पानांवर सांडलं आणि दोनदा मोजलं गेलं. यंदा दोन वासो, असं जाहीर झालं, आणि पुढचं सगळं महिनाभर लांबलं.

कोजागिरीच्या सकाळी सगळं घर जमलं होतं. मी मोबाईल काढला आणि, माझ्या सवयीनं, सर्वांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मामा, तुमच्या सरकारनं आजच सुट्टी दिलीय. तुम्हाला विचारायचं राहिलं वाटतं." सगळे हसले, नातवंडंसुद्धा. सासऱ्यांनी वही मिटली. "मोबाईल चीनचा हाय. चीनला बर्म्यातलं काय कळतंय? माझी पुनव फुडच्या म्हैन्यात." मी हळू आवाजात एकट्यात सांगितलं असतं, तर ते कपडे घालून निघाले असते. पण मला हशा हवा होता, आणि तो मला मिळाला.

दुसऱ्या दिवशी मला आक्काच्या सुनेचा फोन आला. आत्याबाई, म्हणजे आक्का, नवं लुगडं नेसून सकाळपासून पुढच्या सोप्यात बसून होत्या. जेवल्या नाहीत. दिवस मावळल्यावर म्हणाल्या, "माजंच कायतरी चुकलं आसंल." मी ते कुणाला सांगितलं नाही. आत्ता पहिल्यांदा कबूल करतो.

त्रिपुरी पौर्णिमेला मीच त्यांना गाडीतून नेलं. वही त्यांच्या मांडीवर होती. कागलच्या पुढं गेल्यावर ती उघडून त्यांनी दोन पानांवर बोट ठेवलं, परत मोजलं, आणि मुरगूड येईपर्यंत बाहेर बघत राहिले. विनोद करण्यासारखं बरंच काही होतं, पण एकही सुचला नाही.

सुनेला मी आधी कळवलं होतं. आक्का सोप्यातच होती, तेच नवं लुगडं नेसून. सासऱ्यांनी मेणबत्त्या लावल्या, पंच्याहत्तरीतले गुडघे कुरकुरत टेकवले, हात जोडले आणि तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणाले, "कायेनं, वाचेनं, मनानं जे काय चुकलं आसंल..." आणि अडले. "आन् वहीनंबी चुकलं, आक्का."

म्हातारीनं त्यांच्या टकलावर हात ठेवला. "मला ठावं हाय रं. कोजागिरीचा चांद काय मुरगुडात उगवत न्हाय व्हय?" मग बराच वेळ तिनं हात काढला नाही. "फुडच्या सालाला दोन्ही पुनवंला ये. आता उरल्यात किती आपल्या?"

त्यांच्या शेजारी मीही गुडघे टेकले. मी कशाबद्दल क्षमा मागितली ते सासऱ्यांना कळलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे न बघता माझा हात धरला आणि उठताना त्याचाच आधार घेतला. पुढच्या वर्षीच्या दोन्ही पौर्णिमांना मी शाळेत रजा मागून ठेवली आहे.